संध्याकाळचे वर्ग आणि सकाळचे विद्यापीठ

आमच्या कार्यालयातील एका धाकट्या सहकारी मुलीने गेल्या आठवड्यात मला विचारले, "ताई, नोकरी सांभाळून सरकारी विद्यापीठातून व्यवस्थापनाची अर्धवेळ पदव्युत्तर पदवी करावी का? की पैसे साठवून एखाद्या खासगी संस्थेचा वीकेंडचा कोर्स करू?" जेवणाच्या सुट्टीत दोन वाक्यांत देता येईल असे याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी स्वतः ही पदवी वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तीन वर्षे, सहा सत्रे, रात्री उशिरा घरी पोहोचून पूर्ण केली आहे.

मी अंधेरी एमआयडीसीतील पन्हळी पुठ्ठ्याची खोकी (कोरुगेटेड बॉक्स) बनवणाऱ्या एका कंपनीत हिशेब पाहते आणि वसईला राहते. वर्ग दक्षिण मुंबईत, आठवड्यातून चार दिवस, साडेसहा ते साडेनऊ असे असत. सव्वापाचला कार्यालयातून निघायचे, चकाल्याहून मेट्रोने अंधेरी गाठायची आणि चर्चगेटची जलद गाडी धरायची, हा क्रम ठरलेला होता. संध्याकाळी सगळी मुंबई विरारच्या दिशेने लोटत असते, त्यामुळे चर्चगेटकडे जाणाऱ्या गाडीत बसायला जागा मिळते. माझा अर्धा अभ्यास त्या चाळीस मिनिटांत झाला. परतीच्या दहाच्या गाडीत मात्र पुस्तक उघडण्याचे त्राण उरत नसे. सासूबाई सव्वाअकराला माझ्यासाठी भाकरी पुन्हा गरम करत. त्यांनी ती तीन वर्षे काढली नसती, तर मलाही ती काढता आली नसती.

या अभ्यासक्रमांविषयीचा एक गैरसमज मला फार खटकतो. पूर्णवेळ अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला नाही त्यांनी अर्धवेळ करायचा, असे लोक सर्रास बोलतात. प्रत्यक्षात हे अभ्यासक्रम मुळातच नोकरी करणाऱ्यांसाठी आखलेले आहेत. मुंबई विद्यापीठाने १९६५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था सुरू केली. तिथल्या एमएमएस या व्यवस्थापनाच्या दोन वर्षांच्या पूर्णवेळ पदव्युत्तर पदवीचे नाव सर्वांना ठाऊक असते, पण वित्त, विपणन आणि मनुष्यबळ विकास या विषयांतील तीन वर्षांच्या अर्धवेळ पदव्यांनी या शहरातील बँका आणि कारखान्यांना किती माणसे घडवून दिली, याची चर्चा फारशी होत नाही. (मी शिकले ती संस्था वेगळी होती, आणि पुढे मांडलेल्या तक्रारी तिच्याविषयीच्या आहेत.)

नोकरी करत शिकण्याचा खरा लाभ कोणता, हे मी माझ्याच उदाहरणावरून सांगते. दुसऱ्या सत्रात आम्हाला खेळत्या भांडवलाचे चक्र शिकवले. कच्चा माल गोदामात किती दिवस पडून राहतो त्यात गिऱ्हाइकाकडून पैसे यायला लागणारे दिवस मिळवायचे आणि पुरवठादार आपल्याला जितके दिवस उधार देतो तेवढे वजा करायचे. उरलेल्या दिवसांसाठी आपला पैसा अडकलेला असतो. सरांनी फळ्यावर एका काल्पनिक कंपनीचे आकडे मांडले होते, आणि मी वहीच्या मागच्या पानावर आमच्या कंपनीचे मांडले. खोक्यांसाठी लागणाऱ्या क्राफ्ट कागदाचा साठा ३२ दिवस, येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ७८ दिवस आणि कागद गिरणीची उधारी २५ दिवस, म्हणजे चक्र ८५ दिवसांचे. त्याआधी आठ वर्षे हेच आकडे मी दर महिन्याला टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये भरत होते, पण त्यांची अशी बेरीज-वजाबाकी कधी केली नव्हती. कॅश क्रेडिटचे, म्हणजे खेळत्या भांडवलासाठी बँकेकडून घेतलेल्या कर्जाचे व्याज इतके का चढते, याचा उलगडा मला त्या बाकावर झाला.

पुढच्या सत्रात व्यवसायविषयक कायद्यांचा पेपर होता. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागते, हे तिथे समजले. आमची या कायद्याखालची लघु उद्योग म्हणून 'उद्यम' नोंदणी होती, पण तिचे प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापलीकडे आम्ही तिचा काही उपयोग केलेला नव्हता. मी मालकांना एका पानाचे टिपण करून दिले. त्यांनी ते दोन महिने बाजूला ठेवले, कारण गिऱ्हाईक दुखावण्याची त्यांना भीती होती आणि ती खोटीही नव्हती. पुढे प्राप्तिकर कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून असे पैसे थकवणाऱ्याला ते प्रत्यक्ष देईपर्यंत आपल्या करपात्र उत्पन्नातून खर्च म्हणून वजा करता येईनासे झाले, तेव्हा मोठ्या गिऱ्हाइकांच्या हिशेब विभागांतूनच आम्हाला फोन येऊ लागले. वर्षभरात आमची येणी ७८ दिवसांवरून ६६ वर आली. बारा कोटींच्या वार्षिक विक्रीवर बारा दिवस म्हणजे सुमारे ४० लाख रुपये मोकळे झाले, आणि दहा टक्क्यांनी धरले तरी वर्षाला चार लाखांचे व्याज वाचले. माझे तिन्ही वर्षांचे शुल्क मिळून माझ्या चार पगारांहून कमी होते.

वर्गात माझ्या डाव्या हाताला सहकारी बँकेतील एक कर्ज अधिकारी बसत आणि मागे औषध कंपनीचे एक एमआर, म्हणजे डॉक्टरांना भेटून औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी. मी येण्यांचा प्रश्न विचारला तेव्हा बँकेतील त्या गृहस्थांनी कर्ज मंजूर करताना ते आमच्यासारख्या कंपनीच्या कागदांत आधी काय पाहतात, ते अर्धा तास समजावून सांगितले. ज्याच्या टेबलावर रोज हेच कागद येतात, त्याच्याकडून असे ऐकायला मिळणे ही संध्याकाळच्या वर्गाची खरी मिळकत आहे. म्हणूनच हे वर्ग बंद करून सगळे ऑनलाइन करावे, या सूचनेला माझा ठाम विरोध आहे.

आता तक्रार, कारण तिच्यावाचून हे लिखाण अर्धे राहील. आमचे वर्ग संध्याकाळी होते, पण विद्यापीठाचे बाकी सगळे काम सकाळी चालत असे. ग्रंथालय सहा वाजता बंद होई, म्हणजे आम्ही पोहोचण्याच्या वीस मिनिटे आधी. शुल्काची आणि परीक्षा अर्जाची खिडकी दुपारी चारपर्यंतच उघडी असे, त्यामुळे एका शिक्क्यासाठी मी तीन वर्षांत अकरा रजा खर्च केल्या. वर्ग रद्द झाल्याचा निरोप मी दादर ओलांडल्यावर यायचा. चौथ्या सत्राचा निकाल इतका लांबला की पाचव्या सत्राची परीक्षा आधी झाली. शिकवणाऱ्यांविषयी माझी तक्रार नाही. त्यांतील कितीतरी जण स्वतः दिवसभर नोकरी करून येत होते. पण ज्या विद्यापीठाने नोकरदारांकडून शुल्क घेतले, त्याने एक लिपिक आणि एक ग्रंथपाल रात्री साडेनऊपर्यंत बसवणे ही मेहेरबानी नव्हे, ते त्या शुल्कातच आलेले आहे.

हे अशक्य आहे असे कोणी मला सांगू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली याच शहरात सिद्धार्थ महाविद्यालय काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथले वर्ग सकाळी लवकर भरवले. गिरणगावातील रात्रशाळांत पाळी संपवून आलेली माणसे मॅट्रिकला बसली. शिकणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे संस्थेचे घड्याळ लावणे या शहराला नवे नाही, आणि सार्वजनिक विद्यापीठाने ते केले नाही तर आमच्यासारख्यांना परवडेल असे दुसरे दार नाही.

त्या मुलीला मी प्रवेश घ्यायला सांगितले आहे. सोबत एवढेही सांगितले की, मार्चअखेरीच्या कामात परीक्षा येणार हे गृहीत धर, पहिल्या सत्रापासून रजा राखून ठेव आणि घरच्यांशी आधी बोल. काल संध्याकाळी आम्ही दोघींनी बसून आमच्या मालकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा केला. सकाळी साडेआठला हजर राहीन, आठवड्यातून चार दिवस सव्वापाचला निघू द्यावे, एवढीच मागणी त्यात आहे. खाली माझीही सही केली आहे, कारण ती निघाल्यावर तिचे उरलेले काम तीन वर्षे मी पाहणार आहे.