समुद्राचं औषध आणि मामांचं खडेमीठ

गंगाखेडच्या मामांची केमोची पहिली फेरी झाली आणि आठवडाभरात भावकीच्या ग्रुपवर मेसेज आला: ‘समुद्रातल्या जिवाणूंनी फुप्फुसाचा कॅन्सर बरा होतो. शंभर टक्के नैसर्गिक, साइड इफेक्ट शून्य. कंपन्या हे दडपतात. रोज उपाशीपोटी चमचाभर खडेमीठ पाण्यातून घ्या, केमो बंद करा.’ मी पोचलो तेव्हा पेल्याच्या तळाशी मीठ विरघळायचं होतं. “लेकरा, निसर्गातलं आहे, कशाला बाधतंय?”

जिवाणूंची गोष्ट खोटी नाही, म्हणून तर मेसेज पटतो. समुद्रतळाच्या गाळात सॅलिनिस्पोरा नावाचा जिवाणू सापडतो. त्याच्यापासून मिळालेलं सॅलिनोस्पोरामाइड हे रसायन २००३ साली जगासमोर आलं. प्रयोगशाळेत त्यानं कॅन्सरच्या पेशी मारल्या. पण मेंदूच्या कॅन्सरवरच्या मोठ्या चाचणीत रुग्णांचं आयुष्य काही वाढलं नाही. काचेच्या बशीतल्या पेशी मिठाच्या कडक पाण्यानंही मरतात. लोणचं टिकतं ते त्यामुळेच.

फुप्फुसाच्या कॅन्सरपर्यंत पोचलेलं उदाहरण लुर्बिनेक्टेडिन या औषधाचं. त्याचा मूळ रेणू एका समुद्री प्राण्यात सापडला, पण तो बनवतो त्या प्राण्यात राहणारा जिवाणू. टनभर प्राण्यांमागे जेमतेम ग्रॅमभर माल, म्हणून आता ते कारखान्यात बनवतात. मग खडेमिठात ते कुठून येणार?

दडपलं म्हणावं तर जून २०२० मध्ये अमेरिकेनं त्याला मंजुरी दिली आणि स्पेनच्या फार्मामार कंपनीचं हे औषध उघड विकलं जातं. ती मंजुरीही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या ‘स्मॉल सेल’ या प्रकारात, पहिल्या केमोनंतर आजार पुन्हा वाढला तर. चाचणीतल्या १०५ रुग्णांपैकी सुमारे ३५ टक्क्यांची गाठ आकसली. आणि ते देतात कसं? दर २१ दिवसांनी, शिरेतून. म्हणजे केमोच की!

‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हे तर फारच झालं. ब्लिओमायसिन हे औषध मातीतल्या जिवाणूपासून येतं आणि फुप्फुसालाच इजा करू शकतं. उलट मामांच्या सलाइनमधून जाणारं इटोपोसाइड हिमालयातल्या एका झाडाच्या मुळातल्या रसायनापासून बनतं. हे सांगितल्यावर मामा जरा थांबले. “म्हणजे मला झाडपाल्याचंच देतेत?”

“झाडाचंच, पण मोजून.”

मामींनी पेला उचलून मोरीत ओतला. “बीपीची गोळी चालू अन् वरून चमचाभर मीठ,” त्या पुटपुटल्या. “सोमवारी दुसरी फेरी आहे, गाडी सांगून ठेव.”