‘व्हेज सूपला चिकनची चव’: फोंड्याहून मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू पूर्ण वाचला. एक स्टार देऊनही तुम्ही एवढं सविस्तर लिहिलंय, तेव्हा ‘फीडबॅकबद्दल आभार, पुन्हा या’ एवढ्यावर भागवणं मला बरं वाटत नाही. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

ज्यांनी रिव्ह्यू वाचला नसेल त्यांच्यासाठी आधी तक्रार सांगतो. ताई पुण्याहून गोव्याला आल्या होत्या. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे असं देवदर्शन करून घरच्या मंडळींसोबत फोंड्यातल्या आमच्या हॉटेलात जेवल्या. त्यांचं म्हणणं असं: पाटीवर ‘शुद्ध शाकाहारी’, पण सूपला चिकनची चव, म्हणजे चिकन पावडर वापरतात. खतखत्याला, म्हणजे आमच्या गोव्याच्या मिश्र भाजीला, मासळीचा वास. सँडविचच्या चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडून घट्ट करायला घालतात ते) असणार. फ्रेंच फ्राइजचं अमेरिकेत काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे, मग इथली काय खात्री? स्वयंपाकी मागच्या बाजूला मासे विकत घेताना दिसला. आणि एवढं करून मेनू तोकडा, साधं व्हेज पॅटीससुद्धा नाही.

सूपपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही संशय नाही, थेट विधान केलंय. आमचा स्टॉक, म्हणजे सूपसाठी भाज्या उकळून काढलेलं पाणी, सकाळी चुलीवर चढतो. कांदे मधोमध कापून तव्यावर पालथे टाकतो, काळे होईस्तोवर हलवत नाही. मग पातेल्यात कोबीचे दांडे, गाजराची टोकं, मशरूमचे देठ, मिरीचे दाणे आणि हे कांदे. मंद आचेवर ठेवून गाळलं की पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस होतं. वाढताना त्यात सोया सॉस आणि चिमूटभर अजिनोमोटो पडतो. मेनूवर सूपखाली तसं छापलेलं आहे, लपवाछपवी नाही. चिकनची चव म्हणून जी लागली ती ही. १९०८ साली टोकियोच्या किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञांनी अजिनोमोटोची ही चव वेगळी काढली ती कोंबू नावाच्या समुद्री शेवाळातून, आणि आज अजिनोमोटो बनतो तो उसाची मळी किंवा स्टार्च आंबवून. कोंबडीचा त्यात कुठेच संबंध येत नाही.

पण तुमचा संशय चुकीच्या पातेल्यावर पडला असला तरी मुळात वेडगळ नाही, हे मी धंद्यातला माणूस म्हणून सांगतो. इकेदांनंतर पाचच वर्षांनी शिंतारो कोदामा यांनी त्याच जातीची आणखी एक चव शोधली ती वाळवलेल्या बोनिटो माशात. तिचं नाव इनोसिनेट. ही आणि अजिनोमोटो एकत्र आले की दोघांची मिळून चव कितीतरी पटींनी वाढते, म्हणून मसाल्याच्या पुड्या बनवणारे दोन्ही घालतात. पाकिटावर ते ‘६३१’ एवढंच दिसतं. हे ६३१ मांस-मासळीपासूनही निघतं आणि टॅपिओकाचा स्टार्च आंबवूनही. आकडा दोन्हींचा एकच! ६३५ दिसलं तरी त्यात ६३१ असतंच, सोबत ६२७.

याच मुद्द्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आदेश दिला होता. इन्स्टंट नूडल्स आणि बटाट्याच्या चिप्समधल्या ६३१ चंच उदाहरण घेऊन कोर्टाने म्हटलं, की नुसता कोड छापून भागणार नाही. तो पदार्थ वनस्पतीचा, प्राण्याचा की प्रयोगशाळेतला हेही सांगायला हवं, मग त्याचं प्रमाण कितीही कमी असो. मला तो आदेश शंभर टक्के पटतो. तेव्हा ‘आजकाल काही खरं नाही’ असं तुम्ही लिहिलंय, ते उगाच नाही. फक्त आमच्या सूपमध्ये पुडीच नाही, त्यामुळे पुडीतला ६३१ ही नाही.

आता खतखतं. ताई, तो वास तिरफळाचा, मसाल्यातल्या एका फळाचा! हे वाचून इथले लोक हसतील, पण तुमच्यावर हसू नये. तिरफळ देशावर फारसं कोणी वापरत नाही, आणि गोव्याबाहेरच्या माणसाला त्याची ओळख बहुतेक वेळा बांगड्याच्या हुमणातून (माशाच्या कालवणातून) झालेली असते. नाकाने एकदा जोडी जुळवली की ती सुटत नाही. वास्तविक खतखतं हा चवथीच्या पानावरचा पदार्थ, गणपतीच्या नैवेद्याचा, कांदा-लसूणसुद्धा नसलेला. सुरण, मुळा, शेंगा, रताळं, नीरफणस, जे मिळेल ते, तूरडाळ, ओल्या नारळाचं वाटण आणि शेवटी ठेचलेली तिरफळं. आतली काळी बी टाकून द्यायची, नुसतं वरचं साल घ्यायचं. तुमच्या वाटीत जे हिरवट-तपकिरी, उघड्या तोंडाचे तुकडे बाजूला काढून ठेवले होते (वाटी परत आली तेव्हा मी पाहिले), ते तेच. खायचे नसतात, वासापुरते असतात. चायनीज शेझवान मिरी याचीच चुलतबहीण लागते, जीभ बधिर करण्याची खोड दोघींना आहे. वास आवडला नाही हे मान्य, त्यासाठी स्टार कापा. पण त्यात मासळी नव्हती.

चीजबद्दल तुमची माहिती अर्धी बरोबर आहे. रेनेट वासराच्या जठरातून काढतात हे खरंच, आणि इटलीच्या अस्सल पार्मेजानोला तर नियमानेच वासराचं रेनेट लागतं, दुसरं चालत नाही. त्यामुळे कुठल्या ‘व्हेज’ पास्त्यावर खरोखरच इंपोर्टेड पार्मेजान किसलेलं असेल तर तो पास्ता शाकाहारी नाही, मेनूत हिरवा ठिपका असला तरी. आम्ही वापरतो ते भारतीय प्रोसेस्ड चीज, मायक्रोबियल, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून बनवलेल्या, रेनेटचं, डब्यावर हिरवा ठिपका असलेलं. डबा काउंटरवर मागा, दाखवतील.

ठिपक्याविषयी एक गोष्ट, कारण आमच्या मुलाने ‘हिरवा ठिपका आहे’ एवढंच उत्तर दिलं आणि ते तुम्हाला उडवाउडवीचं वाटलं. कायद्यात अंडं, मासे, किडे, प्राण्यापासूनचं काहीही आलं की पदार्थ मांसाहारी. पूर्वी त्याला तपकिरी गोल होता, आता तपकिरी त्रिकोण. पण दूध, मध, मेण आणि लाखेची चकाकी यांना त्यातून वगळलंय. म्हणजे हिरव्या ठिपक्याची चमकदार गोळी लाखेच्या किड्याच्या स्रावाने चकाकत असू शकते. शाकाहारी माणसाला ते चालत असेल, व्हेगन माणसाला नाही. आमच्याकडे शिऱ्यात तूप असतं, तेव्हा व्हेगन असाल तर आधी सांगा.

फ्राइजचं प्रकरण तुम्ही बरोबर आठवलंत. मॅकडोनाल्ड्सने १९९० मध्ये अमेरिकेत गाईची चरबी सोडून वनस्पती तेल घेतलं, लोकांना वाटलं झालं शाकाहारी. पण बटाट्याला चव द्यायला बीफपासूनचा अर्क चालूच होता आणि यादीत तो ‘नॅचरल फ्लेवर’ म्हणून बसला होता. २००१ मध्ये सिएटलमधून खटला भरला गेला आणि पुढच्या वर्षी एक कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. भारतातल्या फ्राइजमध्ये असा अर्क नाही, असं कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं. आमच्या फिंगर चिप्स तर आम्ही बटाटे चिरून तळतो. बटाटा, मीठ आणि सूर्यफुलाचं तेल, संपलं.

खरं सांगू का, गोव्यात फिरताना लेबलपेक्षा कढई बघावी. किनाऱ्यावरच्या कितीतरी ठिकाणी एकच कढई असते. तिच्यात रवा लावलेली सुंगटां (कोळंबी), मग कॅलामारी (माकूल), मग तुमच्या चिप्स. बटाटा शाकाहारी, तेल सगळ्यांचं. हे कुठल्याही पाकिटावर छापलेलं नसतं आणि वेटरला ‘व्हेज आहे ना?’ विचारलं की तो मनापासून ‘हो’ म्हणतो, कारण त्याच्या डोळ्यांसमोर बटाटा असतो. ‘वेगळ्या तेलात तळता का?’ असं विचारा. आमच्याकडे विचारलंत तर कढई दाखवू. तिच्यात वडे, मिरची भजी आणि चिप्स यांपलीकडे काही पडत नाही, अंडंसुद्धा आमच्या स्वयंपाकघरात येत नाही.

आता मासे. हो, आमचा स्वयंपाकी मासे खातो. मीही खातो. नुस्तेवाला, म्हणजे मासेवाला, स्कूटरवर हॉर्न वाजवत येतो तेव्हा अर्धा वाडा बाहेर येतो, आमचा स्वयंपाकीही गेला. रस्त्यापलीकडे उभं राहून त्याने बांगडे घेतले, त्याचा मुलगा सायकलवरून पिशवी घरी घेऊन गेला आणि हा हातपाय धुऊन परत आला. पिशवी आमच्या उंबऱ्याच्या आत आलेली नाही. ‘मासे खाणारा माणूस शुद्ध शाकाहारी कसं बनवणार’ असं तुम्ही लिहिलंत, तिथे मात्र मी अजिबात सहमत नाही. आमच्या घरांत सोमवारी शिवराक (शाकाहारी जेवण), श्रावणात शिवराक, चवथीला शिवराक. नुस्त्याचं मडकं वेगळं, देवाच्या स्वयंपाकाची भांडी वेगळी, आणि कुठला डाव कुठे बुडवायचा नाही हे लहानपणापासून ओरडा खाऊन शिकलेलं असतं. भांडी वेगळी ठेवणं म्हणजे काय हे अशा माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तो घरी काय जेवतो हे मी विचारणार नाही, तुम्हीही विचारू नये असं मला वाटतं.

राहिला मेनू. इथे तुमच्याच दोन तक्रारी एकमेकींसमोर उभ्या आहेत. व्हेज पॅटीस ठेवत नाही, कारण बेकऱ्यांतून येणाऱ्या पॅटीसला वरून चकाकी यावी म्हणून बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. आत बटाटा-वाटाणाच असतो, कोणाला शंका येत नाही. थाई करी नाही, कारण तयार पेस्टमध्ये सर्रास कोळंबीचा खारवलेला लगदा असतो. मूळच्या वुस्टरशर सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात, म्हणून त्या सॉसचं सँडविच नाही. मार्शमेलो आणि जेली नाही, कारण जिलेटिन हाडा-कातड्यांतून येतं. पाव-पोई शेजारच्या पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, येते. त्याचं पीठ मळताना मी उभा राहिलोय, पीठ, पाणी, मीठ, साखर, यीस्ट. केक तो अंडं घालूनच करतो, म्हणून केक घेत नाही. जे कुठून आलं हे मला सांगता येत नाही ते मी विकत नाही, आणि मग मेनू एका पानाचा होतो. पर्यटक नाकं मुरडतात, मुलगा म्हणतो बाबा, निदान मंचुरियनची तयार ग्रेव्ही तरी आणूया. अजून आणलेली नाही.

स्टार बदला असं मी म्हणत नाही, तो तुमचा अधिकार. खतखतं आवडलं नाही, उत्तर तुटक वाटलं, हे तुमचं मत, राहू द्या. एकच विनंती आहे: ‘सूपमध्ये चिकन पावडर वापरतात’ हे वाक्य काढा. ते मत नाही, आणि खरंही नाही. एकादशीला आमच्याकडे साबुदाण्याची खिचडी खायला येणारी म्हातारी माणसं ते वाचून घाबरली आहेत. पुन्हा फोंड्याला आलात तर स्वयंपाकघरात या, साडेतीन ते पाच गर्दी नसते. डबे, बाटल्या, कढई, सगळं बघा, फोटो काढा, इथेच टाका.

मेनू तोकडा आहे, हे वाक्य मात्र ठेवा.

— मालक