कॅम्परव्हॅन घेतलीत? आता निघायची घाई करू नका

गाडी घेतलीत, अभिनंदन. चावी हातात आली की बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो कुठंतरी निघायचा. तो आवरा. कॅम्परव्हॅन, म्हणजे आत झोपायची-शिजवायची सोय असलेली व्हॅन, ही प्रवासाची वस्तू आहे हा समज ज्यांच्याकडे ती नाही अशा लोकांनी पसरवलेला आहे. ज्यांच्याकडे आहे त्यांना ठाऊक असतं की ती मुख्यतः सामान लावण्यासाठी, तिला नेमकं काय म्हणायचं यावरून भांडण्यासाठी आणि मोसम सरला की झाकून ठेवण्यासाठी असते. ही तिन्ही कामं मन लावून करणाऱ्याला रस्त्यावर यायला सवड उरत नाही, तरी कॅम्परव्हॅनवाल्यांच्या चर्चेच्या गटात शेवटचा शब्द त्याचाच असतो. तुम्हाला तिथं पोचायचं आहे.

सामानापासून सुरुवात करा. गाडी बघायला गेलात तेव्हा आत जी मोकळी जागा पाहून तुम्ही हरखलात, ती लवकरात लवकर नाहीशी झाली पाहिजे. बाकाखाली खण, खणाखाली चोरकप्पा, दाराला जाळी, छताला जाळी, पायरीच्या पोटात ड्रॉवर. वस्तू लावायचा नियम सोपा आहे: जी रोज लागते ती सगळ्यात खाली. तिच्यावर बाक, बाकावर गादी, गादीवर झोपलेलं माणूस. रात्री टॉर्च हवा असेल तर आधी त्या माणसाला उठवावं लागतं आणि मग टॉर्च शोधायला दुसरा टॉर्च लागतो. म्हणून दोन घ्या. दुसरा कुठं ठेवलाय ते विसरायला होतं, तेव्हा तीनच घ्या.

डबे सारख्या मापाचे आणि झाकणाचे घ्यावेत, प्रत्येकावर छापील चिठ्ठी चिकटवावी. पहिल्या काही चिठ्ठ्या ‘दोऱ्या’, ‘औषधं’, ‘फ्यूज’ अशा सरळ निघतात. पुढच्या सगळ्या डब्यांवर ‘इतर’ येतं. त्याची लाज बाळगू नका, मोठमोठ्या जाणत्यांच्या गाड्या ‘इतर’नेच भरलेल्या असतात.

आता एक कटू विषय, वजन. गाडीच्या कागदावर जास्तीत जास्त वजनाचा एक आकडा असतो. युरोपात तो बऱ्याचदा ३,५०० किलो असतो, कारण साध्या मोटारीचा परवाना वर्षानुवर्षं तिथंच थांबत आला आहे. फळ्या, ओटा, फ्रिज, शेगडी, पलंग बसवून झाल्यावर त्यातले काही शे किलोच तुमच्या वाट्याला उरतात, आणि त्यात माणसंही मोजायची असतात. या हिशेबात शिरू नका. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून शंभर लिटरची टाकी घरूनच काठोकाठ भरून निघणं म्हणजे न बोलणारा, न खाणारा एक भरभक्कम पाहुणा फुकट फिरवणं, असं काही चोख माणसं सांगतील. त्यांना म्हणा, ‘असू दे, लागलं तर?’ या दोन शब्दांना आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही. ‘लागलं तर’ म्हणून घेतलेली, गाडीच्या बाजूला ताणायची जड छत्री, लागली तर म्हणून घेतलेली तिची भिंत, आणि त्या भिंतीला लागल्या तर म्हणून घेतलेल्या लोखंडी मेखा. वजनकाट्यावर गाडी कधीही घालू नये. ज्यांनी घातली त्यांचे चेहरे आठवा.

जड सामान दोन चाकांच्या मधे आणि खालच्या बाजूला ठेवावं असं पुस्तकी ज्ञान आहे. तुम्ही ते शेपटाकडे, मागच्या चाकांच्याही मागे रचा. सायकली तर दारालाच लटकवा. त्यामुळे मागचा धुरा दबतो आणि पुढचा हलका होतो. फिआट डुकाटोसारखी पुढच्या चाकांवर ओढली जाणारी गाडी असेल तर ओल्या गवतावर ती जागच्या जागी चाकं फिरवत राहते आणि तुम्हाला मुक्काम वाढवायला एक प्रामाणिक कारण मिळतं. राहिलेलं टपावरच्या पेटीत. पेटीमुळे गाडीची उंची किती झाली हे एका चिठ्ठीवर लिहून काचेपाशी लावायची पद्धत आहे. कमी उंचीच्या पुलाखाली ती चिठ्ठी फार मनोरंजक वाटते.

सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी एक भोक दिसेल. ते सुताराच्या हलगर्जीपणाने राहिलेलं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीकडे उतरतो, आणि त्याला गाडीबाहेर जायला वाट मिळावी म्हणून ते ठेवलेलं असतं. आमच्या ओळखीचे एक हौशी गृहस्थ त्यातून गार वारा येतो म्हणून तिथं फडक्याचा बोळा कोंबत असत, आणि उरलेल्या जागेत जोडे ठेवत. (थट्टेच्या लेखात हे बसत नाही, पण तो बोळा आजच काढा. बाकीचा सल्ला मानला नाहीत तरी चालेल.)

सामान लागलं, आता बोली. तुमच्याकडे जे आहे ते नेमकं काय आहे, हा प्रश्न गाडी कुठं नेली यापेक्षा मोठा आहे. उत्तर अमेरिकेत या गाड्यांचे तीन वर्ग करतात. ए म्हणजे सगळ्यात मोठी, बसएवढी. मग बी मधली आणि सी लहान असणार असं तुम्हाला वाटलं ना? म्हणूनच तुम्ही नवखे. सगळ्यात लहान बी, आणि सी या दोघींच्या मधली. हे एकदा घोकून ठेवा. पुढे कुणी नवशिक्या ‘माझी छोटीशी सी क्लास’ म्हणाला की त्याला दुरुस्त करण्याचा आनंद वर्षभर पुरतो.

त्याहून गोड जागा फोक्सवॅगनची. बीटल ही मोटार म्हणजे त्या कंपनीची टाइप १, म्हणून १९५० साली कारखान्यातून बाहेर पडू लागलेली व्हॅन ही टाइप २. पण या टाइप २ची पहिली पिढी म्हणजे टी १, आणि १९६७ साली आलेली दुसरी पिढी म्हणजे टी २. म्हणजे प्रत्येक टी १ ही टाइप २ असते, पण प्रत्येक टाइप २ ही टी २ नसते. ज्याने हे पहिल्या ऐकण्यात समजल्याचं सांगितलं तो खोटं बोलतोय. पुढची काच दोन तुकड्यांची असेल ती जुनी पिढी, अखंड वळलेली असेल ती नंतरची. जुनीच्या नुसत्या उल्लेखाने काही मंडळींचा आवाज हळवा होतो. वेस्टफालिया या जर्मन कंपनीने १९५१ मध्ये या व्हॅनमध्ये बसवायचं कॅम्पिंगचं सामान आणलं, पण आता उघडणारं छत दिसलं की लोक कुठल्याही गाडीला ‘वेस्टफालिया’ म्हणतात. असं कुणी म्हटलं की लगेच काही बोलू नये. आधी एक दीर्घ श्वास घ्यावा. तो इतरांना ऐकू गेला पाहिजे.

या भांडणांत सरकारंही मागे नाहीत. ब्रिटनमध्ये साध्या व्हॅनचं रूपांतर केलं आणि नोंदणीच्या कागदावर ‘मोटर कॅराव्हॅन’ असं लिहून हवं असलं, तर आत झोपायची, बसायची, शिजवायची सोय आणि सामानाला निदान एक पक्कं बसवलेलं कपाट लागतं. एक! तुमच्याकडे बघा. पण तेवढ्यावर भागत नाही, गाडी बाहेरूनही कॅम्परव्हॅन दिसावी लागते. तिथलं नोंदणी खातं बाजूच्या खिडक्या, छत्रीचा दांडा, दोन्ही अंगांवरची चित्रं, उंच छत असलं काही पाहतं. आणि उंच छत म्हणजे कायमचं उंच, रात्रीपुरतं उचलायचं नव्हे. आत संसार थाटला पण बाहेरून साधी पांढरी व्हॅन, तर कागदावरही ती बहुधा व्हॅनच राहते. मला या नियमात एक खोल शहाणपण दिसतं. गाडीत कुणी झोपतं का, हे कागदालाही बघायचं नाही आणि गटालाही.

आता गटात वावरायचं कसं. नवा माणूस एक साधा प्रश्न घेऊन येतो: दोन दिवस एका जागी राहिलो तर बॅटरी पुरेल का? याला साधं उत्तर देता येतं. फ्रिज, दिवे, पंखा दिवसाला किती खातात ते विचारायचं, बॅटरी किती अँपियर-तासांची, म्हणजे तिच्यात किती वीज मावते, ते विचारायचं, आणि शिशाची असली तर त्यातली निम्मीच खरी धरायची, कारण ती वरचेवर पार उतरवली की लवकर मरते. दोन ओळींचं काम. म्हणूनच ते करायचं नाही. पहिलं उत्तर असं असावं: ‘यावर आधीच बोलणं झालंय, शोधा.’ कुठं, ते सांगू नये. दुसऱ्याने लिथियमचं नाव काढावं. तिसऱ्याने लिथियम आणि लिथियम आयर्न फॉस्फेट यांत फरक असतो हे सांगावं. चौथ्याने ती बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये म्हणून बजावावं, मग विचारणारा वाळवंटात का उभा असेना. पाचव्याने सांगावं की आम्ही तर बॅटरीशिवाय फिरायचो, आणि काही अडायचं नाही. हा पाचवा प्रत्येक गटात असतो. तो आता का फिरत नाही, हे त्याला कुणी विचारू नये.

शिशाच्या बॅटरीचा व्होल्टेज विश्रांतीत १२.७ असला तर ती भरलेली आणि १२च्या आसपास आला तर जवळजवळ रिकामी, हे ज्याला पाठ आहे तो मध्यम प्रतीचा सभासद. लिथियमचा आकडा बराच काळ तसाच राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो, त्यामुळे त्यावरून काही कळत नाही, हे जो दुसऱ्याच्या वाक्यात मधेच घुसून सांगतो तो वरच्या प्रतीचा. प्रश्न विचारणारा एव्हाना गेलेला असतो. चर्चा मात्र आता कुठं रंगात येते.

चांगल्या जागेबद्दल कुणी विचारलं तर? रात्री शांत उभं राहता येईल, कुणी उठवणार नाही, सकाळी पाणी दिसेल अशी जागा तुम्हाला माहीत असेलच. तिचा फोटो जरूर दाखवा. ठिकाण सांगू नका, ‘जागा जपायला हवी’ म्हणा. फोटोत मागचा डोंगर नेमका ओळखू येईल इतका असू द्या, नाहीतर हेवा कशाचा वाटणार?

रस्त्यात समोरून तशीच गाडी आली की हात करायचा रिवाज आहे. त्यातही उतरंड पाळा. जुन्या गाडीवाल्याने नव्याला हात करू नये, स्वतः रूपांतर केलेल्याने कंपनीची तयार गाडी घेणाऱ्याला तर नाहीच. भाड्याच्या गाडीवाले सगळ्यांना हात करतात. ते बिचारे सुट्टीवर असतात.

थंडी आली की गाडी ठेवून द्यायची, आणि इथं खरा सोहळा आहे. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, म्हणून टाक्या, नळ्या, पंप, गरम पाण्याचा बंब सगळं रिकामं करावं लागतं आणि नळ उघडे ठेवावे लागतात. हे काम ‘पुढच्या आठवड्यात’ करायचं असतं. वसंतात नळाखालून पाणी गळायला लागलं की तुम्हाला गटात विचारायला विषय मिळतो, आणि उत्तर देणाऱ्यांना ‘सांगितलं होतं’ म्हणायची संधी. गाडीवर प्लॅस्टिकची ताडपत्री करकचून बांधा. श्वास घेणारं कापड महाग असतं, शिवाय ताडपत्रीखाली कोंडलेल्या ओलीतून गाद्यांवर जी नक्षी उठते ती त्या कापडाखाली उठत नाही. फ्रिजचं दार घट्ट लावा. दार किंचित उघडं राहावं म्हणून कंपनीने खास खिटी दिलेली असते. तिचा उपयोग आजवर फार थोड्यांना कळला आहे. हँडब्रेक ओढून ठेवा, म्हणजे काही महिन्यांत तो गंजून असा धरतो की गाडी चोरायला आलेला चोरही हात टेकेल. चाकांखाली अडसर लावून ब्रेक मोकळा ठेवणं हा साधेपणा झाला, आणि साधेपणा विकत घ्यायलाच तर आपण एवढा पैसा घातला, तो असा फुकट कसा चालेल?

थंडीत कधी चुकून निघालातच, तर सिलिंडर ब्यूटेनचा घ्या. शून्य अंशाच्या आसपास त्याचा वायू होणंच थांबतं, शेगडी फुसफुसून विझते. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत दम धरतो, पण मग लवकर घरी परतायला सबब काय सांगणार?

असं काही मोसम चाललं की एक दिवस गाडी विकायची वेळ येते. जाहिरातीत ‘अत्यंत कमी चाललेली, प्रेमाने सांभाळलेली’ असं लिहा. दोन्ही खरं आहे. बघायला येणारा नवखा असेल तर कप्पे उघडून दाखवा, डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचू द्या, टी १ आणि टाइप २चा फरक समजावून सांगा. टायरची नक्षी अगदी नव्यासारखी आहे हे आवर्जून दाखवा. तो खाली वाकून टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचायला लागला, पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन सालाचे, आणि मनात वर्षं मोजायला लागला, तर समजा की हा गटात बराच काळ वाचत बसलेला आहे, आणि किंमत आपणहून थोडी खाली आणा.