फ्लोट किंमत पूर्णांक आहे का? : वेंगुर्ल्याच्या वाचकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली आणि काल रात्री आपलाच आकडा माझ्या संगणकावर चालवून पाहिला, त्यामुळे उत्तराला एक दिवस उशीर झाला. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत फ्लोट प्रकारातली, म्हणजे दशांश अपूर्णांकही घेणाऱ्या संख्याप्रकारातली, किंमत पूर्णांक आहे का हे पाहायचे असेल, तर फ्लोअर या खालचा पूर्णांक देणाऱ्या फंक्शनचे उत्तर मूळ किमतीशी ताडून पाहावे, असे मी लेखात म्हटले होते. आपला आक्षेप असा, की ही पद्धतच चुकीची आहे. आपला काटा १० ग्रॅमच्या टप्प्याने वजन दाखवतो, म्हणून काजूगराचे किलोतले वजन १०० ने गुणल्यावर पूर्णांक आलाच पाहिजे, पण १९.९९ किलोची नोंद पडद्यावर १९९९ दिसत असूनही तपासणीत अडकते. तेव्हा पीएचपी-फ्लोट-एप्सिलॉन या भाषेतच दिलेल्या अतिशय लहान संख्येएवढी सूट देऊन, म्हणजे तेवढा फरक चालवून घेऊन, तुलना करावी, असे आपण सुचवले आहे.

अडचण खरी आहे. मलाही इको या छापण्याच्या आज्ञेने १९९९ हेच दाखवले. पण तीच किंमत व्हार-डम्प या तपशीलवार दाखवणाऱ्या फंक्शनला दिली, तेव्हा १९९८.९९९९९९९९९९९९८ असे उत्तर आले. इको नेहमीच्या मांडणीत १४ सार्थ अंकांपर्यंतच छापतो, त्यामुळे पुढचा फरक पडद्यावर येतच नाही. म्हणजे फ्लोअरने जे सांगितले ते अचूक होते: त्या क्षणी मेमरीत असलेली किंमत खरोखरच पूर्णांक नव्हती.

ती तशी का नव्हती, हे आपल्या जुन्या मापांवरून चांगले समजते. अर्धा, पाव, पाऊण, नवटाक ही सगळी मापे निम्म्याचे निम्मे करत आलेली आहेत, आणि फ्लोटमध्ये अपूर्णांक नेमके तसेच साठवले जातात. म्हणून १९.७५ किलो फ्लोटमध्ये तंतोतंत बसते आणि १०० ने गुणल्यावर १९७५ च येते. ९९ शतांश मात्र कितीही वेळा निम्मे करत गेलो तरी पुरे जुळत नाहीत, त्यामुळे १९.९९ च्या जागी त्याच्या सर्वांत जवळची किंमत साठवली जाते आणि गुणाकारात तो बारीक फरक उघडा पडतो. ४.३५ किलोची नोंद करून पाहा, तीही अशीच अडकेल.

आता एप्सिलॉनविषयी, कारण हा सल्ला मी फार ठिकाणी वाचतो आणि आपल्यासारख्या काळजीने काम करणाऱ्या माणसाचा त्याने घात होऊ नये असे मला मनापासून वाटते. एप्सिलॉन म्हणजे १ आणि त्याच्या लगेच पुढची फ्लोट किंमत यांतले अंतर. आकडा वाढत जातो तसे शेजारच्या दोन किमतींमधले अंतरही वाढते; १०२४ ते २०४८ या टापूत ते एप्सिलॉनच्या १०२४ पट असते. आपली किंमत १९९९ च्या अगदी शेजारची, एकच पायरी खाली आहे, पण ती एक पायरीच आपण देऊ केलेल्या सुटीच्या १०२४ पट आहे. म्हणजे या टापूत एप्सिलॉनची सूट देणे आणि काहीच सूट न देणे सारखेच, आणि आपली नोंद तशीही परतच येईल. सूट अंदाजाने वाढवली, तर ती किती असावी हे प्रत्येक आकड्यागणिक नव्याने ठरवावे लागेल.

आपल्याला खरे तर वेगळाच प्रश्न विचारायचा आहे: लिहिलेल्या वजनात दशांशचिन्हापुढे दोनपेक्षा जास्त अंक आहेत का? फॉर्ममधून वजन येते ते अक्षरमालेच्या, म्हणजे टाइप केलेल्या मजकुराच्या रूपात. तिथेच अंक, हवे तर दशांशचिन्ह आणि पुढे फार तर दोन अंक, एवढेच आहे ना ते तपासावे आणि वजन १० ग्रॅमच्या एककात इन्टिजर (पूर्णांक प्रकार) म्हणून साठवावे. जुन्या नोंदी फ्लोटमध्येच असतील, तर राउंड या जवळच्या संख्येवर आणणाऱ्या फंक्शनने दशांशचिन्हापुढे दोन स्थळांपर्यंत आणलेली किंमत मूळ किमतीशी ताडावी, १९.९९ पार होईल, १९.९९४ अडेल. पार झालेली किंमत १०० ने गुणून राउंड करावी आणि मगच इन्टिजर करावी.

टक्केचिन्हाने १ ने भागून बाकी पाहण्याचा आपला दुसरा पर्याय वापरू नये. ते चिन्ह आधीच दोन्ही बाजूंचे इन्टिजर करते, त्यामुळे ७.५ लाही बाकी शून्यच येते, ८.१ आवृत्तीपासून पीएचपी त्याबद्दल सूचनाही देते. बाकीच पाहायची असेल तर एफमॉड हे फ्लोटची बाकी काढणारे फंक्शन वापरावे.

एका बाबतीत मात्र माझा लेख अपुरा होता आणि ते आपल्या प्रतिक्रियेमुळेच ध्यानात आले. फॉर्ममध्ये कोणी १ पुढे ई हे रोमन अक्षर आणि मग ९९९ असे लिहिले, तर पीएचपी त्याला संख्या मानते आणि त्याचे फ्लोट केले की अनंत ही किंमत मिळते. अनंताचा फ्लोअर अनंतच, त्यामुळे माझ्या तपासणीने ते वजनही पूर्णांक म्हणून स्वीकारले असते. फ्लोअरच्या आधी इझ-फायनाइट या फंक्शनने किंमत अनंत नाही ना ते तपासावे, ही दुरुस्ती मी आज सकाळी मूळ लेखात केली आहे.