‘फुकटेपणा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. प्रतिक्रियेबद्दल आभार. मानायची पद्धत आहे, म्हणून मानतो.

जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात गाडी मांडणाऱ्यालाच तिकीट काढायला लावलं, यावर मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, ‘स्वतःचा शौक मिरवायचा आणि वर तिकीटही नको, हा निव्वळ फुकटेपणा. मैदानाचं भाडं, विमा, बाउन्सर, याचे पैसे कोण देणार? शिवाय प्रत्येक जुनी गाडी विंटेज नसते.’

शेवटचं बरोबर आहे. केंद्राच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपातली गाडीच विंटेज. मी शेजारच्या १९८४च्या येझदी मोटारसायकललाही त्यात ओढलं होतं. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ‘फुकटेपणा’. ज्याला तुम्ही हा शब्द लावलात, त्याच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, १९६६ची जावा मोटारसायकल आहे. म्हैसूरला बनलेली, अडीचशे सीसी. वडील तिच्यावरून आग्रा रोडने रोज नाशिकजवळच्या ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात जायचे. जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर: आत दाबून वर फिरवली की किक, पुन्हा खाली आणली की गिअर. ते जमेपर्यंत माझी नववीची अख्खी सुट्टी गेली. पोटरीवरचा वण अजून आहे.

प्रदर्शनाच्या दिवशी पहाटे पाचला उठून पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलं, कार्बोरेटर साफ केला. सातच्या आत गाडी लावायची, संध्याकाळी सहापर्यंत हलवायची नाही, हा नियम आयोजकांचाच. दहाला चहा प्यायला बाहेर आलो. परत जाताना गेटवरचा पोरगा म्हणतो, “काका, तिकीट.” म्हटलं, “अरे, आत माझी गाडी आहे.” तर म्हणे, “गाडीला पास आहे, तुम्हाला नाही.”

दोनशे रुपये दिले आणि आत गेलो. त्याने मी काही भिकेला लागलो नाही. पण लोक दोनशे रुपये मोजून आत बघायला काय येतात हो? कालिदास नाट्यगृहात नाटक असलं की नटाकडे तिकीट मागतात का? आणि ‘मिरवायचा’ म्हणाल, तर मिरवणारा दिवसभर फडकं घेऊन उभा होता, कारण तेलकट हातांनी पोरं टाकीला टेकून सेल्फी काढत होती. तुमच्या घरच्या सोफ्यावर कुणी असं चढलं, तर तुम्ही काय कराल ते कळवा.

भाडं, विमा, बाउन्सर हा आयोजकांचा हिशोब आहे, तो ते बघतील. तुम्हाला तो इतका तोंडपाठ कसा, हे मात्र मला कळलं नाही.

पुढच्या वर्षी बोलावलं तर आधी विचारेन, पास गाडीचा की माणसाचा. गाडीचाच असेल, तर गाडी एकटीच येईल म्हणावं.

तुमची दुसरी प्रतिक्रिया, ज्यात माझ्या वयाचा आणि पेन्शनचा उद्धार केलात, ती काढून टाकली आहे.