मुलीकडच्यांना खरं सांगितलं

रविवारी नणंदेनं माझ्या मुलासाठी स्थळ आणलं होतं. भंडाऱ्याकडची साधी, चांगली माणसं. आदल्या रात्रीच मुलगा म्हणाला होता, "आई, तू सांग, नाहीतर मी सांगतो." चहा झाल्यावर मी मुलीच्या आईला स्वयंपाकघरात नेलं. मुलाला दारूचं व्यसन आहे, पावणेदोन वर्षांपासून घेतलेली नाही, उपचार सुरू आहेत, सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ माझा हात धरून बसल्या. मग मंडळी निघाली.

संध्याकाळी नणंदेचा फोन. "काय गरज होती वहिनी? लग्न झालं की पोट्टे सुधारतातच. काऊन आपल्याच हातानं पोराचं वाटोळं करता?"

तिला फोनवर उत्तर देता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

मी सहा वर्षं लपवलं. त्याच्या ऑफिसात फोन करून "ताप आहे जी त्याला" असं सांगितलं. पाटल्या मोडून उधारी फेडली. कूलरमागे सापडलेली बाटली, त्याच्या बाबांना दिसू नये म्हणून पदराखाली घेऊन नाल्यात टाकून आले. वाटायचं, मी लेकराला वाचवतेय. खरं तर त्याच्या पिण्याचे परिणाम मी त्याच्यापर्यंत पोचूच देत नव्हते. त्या सहा वर्षांत घराबाहेर "दारू" हा शब्द मी मोठ्यानं एकदाच उच्चारला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या इतवारीत, मारबतीच्या मिरवणुकीतल्या गर्दीत. रोगराई, पीडा घेऊन जा, असं त्या पुतळ्याला ओरडून सांगतात. सगळे ओरडत होते, मीही ओरडले, "दारू घेऊन जा गे मारबत!" कोणाचं लक्ष गेलं नाही. घरी येईपर्यंत मी रडत होते.

मग ती पुडी. "पेशंटला कळू न देता दारू सोडवा" अशी जाहिरात वाचून आणली. पांढरी पावडर, चव नाही, वास नाही. चार दिवस वरणात घातली. पाचव्या रात्री तो पिऊन आला. साडेदहा वाजले असतील. चेहरा मिरचीसारखा लाल, ओकारी थांबेना, हात थंडगार. "आई, छातीत कसं तरी होतंय." शेजारच्यांच्या ऑटोनं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "याला काही दिलंय का?" मी नाही म्हटलं. लेक समोर तसा पडलेला, तरी मी नाही म्हटलं. त्यांनी परत विचारलं तेव्हा सांगितलं, त्याच्या देखत.

पुडीत डायसल्फिराम, म्हणजे दारू सोडवण्यासाठी देतात ते औषध असणार, असं डॉक्टर म्हणाले. ते पोटात असताना दारू घेतली तर दारूपासून शरीरात तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड पुढे मोडत नाही, साचतं. रक्तदाब घसरतो, हृदयावर ताण येतो, माणूस जाऊही शकतो. औषध बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. तो वाचला. पण पुढे कित्येक महिने त्यानं माझ्या हातचं वरण खाल्लं नाही.

नंतरचं सगळं सांगत बसत नाही. दोनदा ॲडमिट झाला, मध्ये एकदा परत सुरू झाली. पहिल्या वेळी आम्ही त्याला घरीच कोंडून दारू एकदम सोडवायला निघालो होतो. असं कोणीही करू नका. रोज पिणाऱ्याची अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला पाहिजे.

माझा उपचार वेगळा झाला. व्यसनी माणसांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा गट असतो. १९५१ साली अमेरिकेत सुरू झाला, आता आपल्याकडेही मीटिंगा होतात. तिथे पहिल्याच दिवशी ऐकलं: हा आजार मी लावला नाही, मला तो आवरता येत नाही, बरा करणंही माझ्या हातात नाही. एक बाई बोलत होत्या ते जणू माझंच घर. तिथे कोणी कोणाचं आडनावसुद्धा विचारत नाही.

आता लग्नाचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि ड्रग्जच्या गैरवापराशी जोडलेल्या मानसिक अवस्थांना आजारात धरलं आहे. आजारी माणसाला आपण डॉक्टरकडे नेतो. मग याच आजाराला परक्याची पोर औषध म्हणून कशी आणायची? माझ्या पोटच्या पोराची रात्रंदिवस राखण मला जमली नाही, ती पंचविशीतल्या मुलीनं करायची? आणि पुन्हा पिऊ लागला, की म्हणायला आपण मोकळेच, "बायकोला सांभाळता नाही आलं." तो लग्न करेल तर करेल. मुलीला आधी सगळं माहीत असलं पाहिजे. ती पुडी मी लपवून वरणात घातली होती, तसा त्याचा भूतकाळ मला लपवून कोणाच्या ताटात घालायचा नाही.

तेच डायसल्फिराम तो आज घेतो. लिव्हरच्या तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी समजावलं, त्यानं स्वतः हो म्हटलं. सकाळी चहा ठेवला की ओट्याजवळ येतो, पाकीट फोडतो, माझ्यासमोर गोळी गिळतो. मी काही बोलत नाही, तोही नाही. सोमवारी सकाळीही आला.

तुमच्या घरात एखाद्या डब्यात अशी पुडी लपवलेली असेल, तर आजच फेका. घातली असेल तर त्याला सांगा, डॉक्टरांना सांगा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो, घरचे लोकही करू शकतात.