पदक काढून घेणे वेगळे आणि शिक्षा करणे वेगळे

उत्तेजक द्रव्य सेवनाच्या प्रकरणांत खेळाडूची कायदेशीर जबाबदारी किती, यावर वाद घालताना निकाल रद्द होणे आणि खेळाडूला शिक्षा होणे या दोन गोष्टींची नेहमी गल्लत होते.

2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या सोळा वर्षांच्या आंद्रेआ रादुकानने जिम्नॅस्टिक्समधील सर्वांगीण सुवर्णपदक जिंकले आणि काही दिवसांतच गमावले. संघाच्याच डॉक्टरने सर्दीवर दिलेल्या गोळीत स्यूडोएफेड्रिन हे तेव्हा बंदी असलेले द्रव्य होते. क्रीडा लवादाने पदक परत दिले नाही, पण तिच्यावर बंदीही आली नाही. पुढच्या दोन ऑलिंपिकची दारे बंद झाली ती डॉक्टरला. निर्णय निष्ठुर वाटतो, तरी मला तो पटतो. शरीरात बंदी असलेले द्रव्य असताना मिळवलेले यश टिकू दिले, तर नियम पाळून खेळलेल्यांवर अन्याय होतो, मग ते द्रव्य कोणी का दिलेले असेना.

बंदीचे तसे नाही. 'वाडा' या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या संहितेनुसार स्नायू वाढवणाऱ्या ॲनाबॉलिक स्टिरॉइडसारखे द्रव्य सापडले, की चार वर्षांची बंदी गृहीत धरली जाते आणि आपला हेतू नव्हता हे खेळाडूनेच सिद्ध करायचे असते. पूर्ण निर्दोष ठरायचे, तर ते शरीरात शिरले कसे हेही बहुधा त्यालाच दाखवावे लागते. टेनिसपटू यानिक सिनरच्या नमुन्यात 2024 मध्ये क्लोस्टेबोल हे असेच एक स्टिरॉइड सापडले. आपल्या कापलेल्या बोटावर फवारा वापरणाऱ्या फिजिओथेरपिस्टने केलेल्या मालिशमधून ते आले, हा त्याचा खुलासा मान्य झाला आणि 'वाडा'च्या अपिलानंतर प्रकरण तीन महिन्यांच्या बंदीवर मिटले. निकालाबद्दल माझी तक्रार नाही. पण असा खुलासा उभा करायला वकील, तज्ज्ञ आणि प्रयोगशाळा लागतात. ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, अशा धावपटूने तोच पुरावा आणायचा कुठून? (संहिता सर्वांना सारखी आहे, हे उत्तर मला नेहमीच जरा सोयीचे वाटत आले आहे.)

तुरुंगाचा प्रश्न तर याहून नाजूक. जर्मनीच्या 2015 च्या कायद्यात अव्वल खेळाडूवरही फौजदारी खटला भरता येतो. अमेरिकेच्या 2020 च्या रॉडचेन्कोव्ह कायद्याने खेळाडूला वगळून त्यामागच्या पुरवठादारांवर आणि कट रचणाऱ्यांवर रोख ठेवला. मला दुसरा मार्ग योग्य वाटतो. बंदीच्या बाबतीत मात्र, खेळाडूचा खुलासा सकृद्दर्शनी विश्वासार्ह असेल, तर गोळ्या, पूरक आहार किंवा खेळाडूच्या डोक्यावरचे केस यांच्या तपासणीचा खर्च आरोप ठेवणाऱ्या संस्थेनेच उचलावा, अशी तरतूद संहितेत असायला हवी.